सुट्या भागांचे कॅबिनेट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागातील आमच्या वाड्यात शिरले, तेव्हा संगणक तळमजल्यावरच्या खोलीत टेबलाखाली होता. स्पूल आणि कॅसेटची खोकी मी आदल्या संध्याकाळीच माडीवर नेऊन ठेवली होती, कारण ती मूळ वस्तू होती आणि गेली असती तर पुन्हा मिळाली नसती. संगणक सकाळी नेऊ असे ठरवले, आणि सकाळी उठून पाहतो तो पाणी उंबऱ्याला लागलेले. वीज गेलेली होती. संगणकाचे सगळे भाग ज्यात बसतात ते कॅबिनेट जुन्या घडणीचे, उंच आणि वीस-बावीस किलो वजनाचे होते, आणि आमच्या वाड्याचा लाकडी जिना इतका उभा व अरुंद आहे की ते एकट्याने वर नेणे शक्य नव्हते. म्हणून बॅटरीच्या उजेडात फक्त हार्ड डिस्क काढून घ्यायला बसलो. एका बाजूचे स्क्रू सहज निघाले. दुसऱ्या बाजूचे काढण्यासाठी मागचे झाकण उघडावे लागत होते, आणि ते कित्येक वर्षे न हलवल्यामुळे गंजून घट्ट बसले होते. चारपैकी दोन डिस्क हाती आल्या. उरलेल्या दोन पाण्यात गेल्या आणि त्यांच्याबरोबर जवळपास दीड वर्षाचे काम गेले.

माझे काम जुन्या ध्वनिमुद्रणांचे आहे. सांगली-मिरज परिसरातील अनेक घरांत नाट्यसंगीताच्या, खासगी बैठकांच्या आणि तालमींच्या टेप पडून आहेत. त्या मी संगणकावर उतरवून घेतो, साफ करतो आणि त्या-त्या घरी परत देतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एक कारागीर नवा तंबोरा तयार झाला की त्याचा आवाज नोंदवून ठेवण्यासाठी कधीकधी माझ्याकडे येतात. ९६ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या दर्जाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण ताशी सुमारे २ जीबी जागा घेते. उतरवलेली मूळ प्रत वेगळी, साफ केलेली प्रत वेगळी, आणि या दोन्ही प्रती दोन-दोन डिस्कवर, असा हिशेब मांडला की तासाभराच्या एका टेपला ८ जीबी लागतात. पुरानंतर मी सहा हार्ड डिस्क वापरायचे ठरवले. त्या सहांना एकत्र जागा हवी होती, वेळ आली तर त्या काही मिनिटांत बाहेर काढता यायला हव्या होत्या, आणि ज्या खोलीत तंबोरा वाजतो त्याच खोलीत संगणक असल्यामुळे त्याचा आवाज माइकपर्यंत पोहोचता कामा नये, अशीही अट होती. चौथी अडचण आमच्या परसाला लागून असलेल्या चटणी-कांडपाची. फेब्रुवारीअखेरपासून मे संपेपर्यंत तिथे हळद आणि मिरची दिवसभर दळली जाते, आणि तिचा भुगा खिडक्या बंद ठेवल्या तरी घरात येतो.

या चारही गरजा घेऊन मी सांगलीतल्या दुकानांत फिरलो, तेव्हा समोर आलेली बहुतेक कॅबिनेट सारखीच निघाली: बाजूला आणि समोर काच, आत रंगीत दिव्यांचे पंखे, आणि हार्ड डिस्कसाठी तळाशी कशाबशा दोन जागा. याला कारण आहे. घरगुती संगणकात आता साठवण मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किटच्या फळीवरच, बसणाऱ्या लहान पट्टीवर होते, त्यामुळे डिस्क ज्यात बसतात ते पिंजरे उत्पादकांनी हळूहळू काढून टाकले आणि ती जागा पंख्यांना व रेडिएटरला दिली. सीडी ड्राइव्हची समोरची खिडकी तर जवळपास नाहीशीच झाली आहे, आणि मला ती अजून लागते, कारण लोक जुन्या बैठकांच्या सीडीही घेऊन येतात. दुकानदाराने, ज्यांच्याकडून मी वीस वर्षे सामान घेतो, मला स्पष्टच सांगितले, “सर, तुम्हाला पाहिजे तसं तयार मिळणार नाही. आतले भाग हलवता येतात असं घ्या, आणि ते मागवावं लागेल.”

अशी कॅबिनेट मी तोवर पाहिली नव्हती. वाचत गेलो तसे लक्षात आले की ही कल्पना चांगलीच रुळलेली आहे. कूलर मास्टरने २०१५ मध्ये मास्टरकेस ५ हे कॅबिनेट आणले, ज्यात डिस्कचे पिंजरे, वरचे झाकण आणि समोरचा भाग सुटा करून बदलता येत असे. बी क्वायट या जर्मन कंपनीच्या डार्क बेस प्रो ९०० मध्ये मदरबोर्ड ज्यावर बसतो तो पत्राच काढून उलट बाजूला लावता येतो. फ्रॅक्टल डिझाइनचे २०२० मधील डिफाइन ७ आतला एक उभा पत्रा सरकवून कधी मोकळे तर कधी डिस्कने भरलेले असे दोन प्रकारे वापरता येते. पुढे क्यूब ५०० फ्लॅटपॅकसारखे कॅबिनेटही आले, जे पूर्ण सुट्या पत्र्यांच्या रूपात चपट्या खोक्यातून येते आणि घरी जोडावे लागते. शेवटी मी निवडले ते या सर्वांपेक्षा वेगळ्या कंपनीचे होते. साधे कॅबिनेट तेव्हा साडेतीन हजारांपासून मिळत होते. हे मला १६,४०० रुपयांना पडले. ही रक्कम मोठी होती आणि ती देताना मी बराच वेळ विचार केला. पण पाण्यात गेलेल्या दोन डिस्क पुण्याला पाठवून त्यांतली माहिती काढून घेण्याचा खर्च मला याच्या दुप्पट सांगण्यात आला होता, आणि ती मिळेलच अशी हमीही नव्हती.

खोके आले त्या दिवशी वालचंद महाविद्यालयात शिकणारा माझा भाचा मदतीला आला. आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. जुन्या कॅबिनेटमध्ये हेच काम दोन तासांत झाले असते, हे नमूद केले पाहिजे, कारण सुट्या भागांच्या कॅबिनेटमध्ये जोडणीआधी निर्णय घ्यावे लागतात. मदरबोर्ड डाव्या बाजूला की उजव्या, पिंजरा समोर की तळाशी, पंखे वर की पुढे, या प्रत्येक निर्णयाने पुढच्या तारांचा मार्ग बदलतो. आम्ही पहिल्या संध्याकाळी पिंजरा समोरच्या पंख्यांच्या मागे बसवला आणि सगळ्या तारा ओवून झाल्यावर लक्षात आले की सीडी ड्राइव्हचे मागचे टोक आता वरच्या डिस्कला अडते. सगळे उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागली. कागदावर आधी आडवा छेद काढून मापे टाकली असती तर ही वेळ आली नसती; ३.५ इंची डिस्कची लांबी १४७ मिमी असते, पण तिच्या मागे तारांच्या पिनसाठी आणखी निदान ३० मिमी मोकळे सोडावे लागतात, हे कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे दिलेले नसते.

स्क्रूंबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. संगणकात मुख्यतः दोन जातींचे स्क्रू असतात. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारी पेटी), बाहेरची झाकणे आणि मोठी हार्ड डिस्क यांना जाड आट्यांचा, म्हणजे इंचाला ३२ आटे असलेला ६-३२ जातीचा स्क्रू लागतो; लहान एसएसडी आणि सीडी ड्राइव्ह यांना बारीक आट्यांचा ३ मिमीचा. दोघांची जाडी जवळजवळ सारखी दिसते, आणि चुकीचा स्क्रू पहिले एक-दोन फेरे सहज आत जातो. साध्या कॅबिनेटबरोबर वीस-पंचवीस स्क्रू येतात आणि त्यांची जागा ठरलेली असते. आमच्या खोक्यात नऊ पुड्या होत्या आणि त्यांतल्या तीन पुड्यांवर काहीच छापलेले नव्हते. डिस्क ज्यावर बसवून पिंजऱ्यात सरकवतात त्या एका ट्रेच्या भोकात भाच्याने जाड स्क्रू जोर लावून फिरवला आणि आटे गेले. तो ट्रे ॲल्युमिनियमचा होता, त्यामुळे टॅप मारून पुन्हा आटे पाडण्याइतकी जाडीही तिथे नव्हती. तेव्हापासून मी लोहचुंबकाच्या दोन डब्या ठेवल्या आहेत, एक जाड आट्यांची आणि एक बारीक आट्यांची, आणि कॅबिनेट उघडण्याआधी दोन्ही समोर घेऊन बसतो. ६-३२ चा स्क्रू आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. जुनी, भंगारात निघालेली कॅबिनेट हाच त्याचा खात्रीचा साठा आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर मात्र जे हाती आले त्याने मी खरोखर सुखावलो. सहा डिस्कचा पिंजरा तळाच्या रुळावर हाताने फिरवायच्या दोन स्क्रूंनी बसतो. सहा डेटा तारा मी एका पट्ट्यात बांधल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. वीजपुरवठ्याच्या दोन तारांना लाल कापड गुंडाळले. आठ जोड सोडवायचे, दोन स्क्रू फिरवायचे आणि अख्खा पिंजरा दोन हातांनी बाहेर घ्यायचा. सहा डिस्कसह त्याचे वजन सहा किलोंच्या आत आहे, म्हणजे आमच्या जिन्यावरून एका हाताने कठडा धरून ते नेता येते. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मी तीन वेळा सराव केला. तिसऱ्या वेळी चार मिनिटे लागली.

हवेच्या बाबतीतही या कॅबिनेटने मला मोकळीक दिली. समोर १२० मिमीचे तीन किंवा १४० मिमीचे दोन पंखे बसतात. मी १४० चे दोन लावले, कारण मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो आणि फेरे कमी म्हणजे आवाज कमी. मागे हवा बाहेर टाकणारा एकच पंखा ठेवला, तोही मंद. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवली की कॅबिनेटमध्ये किंचित दाब तयार होतो, आणि मग हवा फटींतून आत शिरण्याऐवजी फटींतून बाहेर जाते. आत येणारी सगळी हवा जाळीतूनच येते. चटणी-कांडपाच्या हंगामात याचा फरक डोळ्यांना दिसतो. मार्च ते मे या काळात समोरची जाळी दर आठ दिवसांनी काढून धुतो तेव्हा पाणी पिवळे होते, क्वचित लालसर. जुन्या कॅबिनेटमध्ये हाच भुगा डिस्कवर आणि पंख्यांच्या पात्यांवर थरावर थर साचत असे. मात्र एक गोष्ट सुरुवातीला माझ्या ध्यानात आली नाही. सुट्या भागांच्या कॅबिनेटमध्ये न वापरलेल्या जागांची भोके आणि खाचा खूप असतात. वरच्या भागात मी पंखे लावले नव्हते, आणि तिथली जाळी उघडी राहिल्यामुळे समोरून घेतलेली बरीच हवा डिस्कपर्यंत न जाता सरळ वरून निघून जात होती. वरचा भाग झाकणारी पट्टी खोक्यातच होती. ती लावल्यावर सर्वांत वरच्या डिस्कचे तापमान उन्हाळ्यातील दुपारी ४७ अंशांवरून ४२ अंशांवर आले.

यानंतर आवाजाचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणून तिची घरघर १२० हर्ट्‌झची असते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध हा स्वर पडतो. पुरुष गायकाचा तंबोरा ज्या पट्टीत लावला जातो तिच्या अगदी शेजारी, आणि तरीही कोणत्याच पट्टीत न बसणारा. एकच डिस्क असेल तर ही घरघर कान विसरून जातो. चार-सहा डिस्क असतील तर त्यांचे फेरे अगदी काटेकोर सारखे नसतात, आणि त्या किंचित फरकामुळे आवाज हळूहळू फुगतो आणि ओसरतो, जसा दोन जवळजवळ जुळलेल्या तारांचा होतो. तंबोरा लावताना हेच आंदोलन ऐकून कारागीर खुंटी फिरवतात. माझ्या नव्या कॅबिनेटमध्ये हे आंदोलन जुन्यापेक्षा जास्त ऐकू येऊ लागले, आणि त्यावर एक बारीक झणझण होती, जी मला कुठून येते ते सापडेना.

मिरजेचे ते कारागीर काका एका तंबोऱ्याच्या नोंदीसाठी आले होते. ते काही वेळ गप्प बसून ऐकत राहिले, मग उठून कॅबिनेटजवळ बसले आणि भोपळा पारखताना जसे बोटाच्या पेराने टकटक करतात तसे त्यांनी प्रत्येक पत्र्यावर केले. समोरच्या झाकणाच्या वरच्या कोपऱ्यावर हात दाबला तेव्हा झणझण थांबली. “सगळ्या अंगाचा आवाज नाही हा. हा सांधा बसलेला नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी मला सांगितले की तंबोऱ्याची जवारी आपण मुद्दाम उघडतो, ती आपल्याला हवी असलेली झणझण आहे. पण भोपळा आणि दांडी जिथे जोडली जातात तो सांधा जरासा जरी मोकळा राहिला, तरी दुसरीच झणझण सुरू होते आणि ती कोणत्याच सुराने झाकत नाही. म्हणून वाद्यात सांधे जितके कमी तितके बरे.

त्यांचे हे म्हणणे माझ्या कॅबिनेटला तंतोतंत लागू होते. साध्या कॅबिनेटची चौकट एकदा रिव्हेट मारून पक्की केलेली असते. सुट्या भागांच्या कॅबिनेटमध्ये तीच चौकट रूळ, खटके, सरकपट्ट्या आणि हाताने फिरवायच्या स्क्रूंवर उभी असते, आणि पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. प्रत्येक जोड म्हणजे कंप पावू शकणारी आणखी एक जागा. जी सोय डिस्क चार मिनिटांत बाहेर काढू देते, तीच सोय त्या डिस्कचा कंप सगळ्या कॅबिनेटला वाटून देते. यावर मी केलेले उपाय साधे होते. झाकणांच्या कडांना हार्मोनियमच्या दुकानातून आणलेल्या पातळ नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या. पिंजरा आणि रूळ यांच्यामध्ये रबराच्या चकत्या घातल्या. डिस्क ज्या रबरी वॉशरवर बसतात त्यांचे स्क्रू पूर्ण आवळायचे नाहीत, रबर चेपले की कंप अडवण्याचा त्याचा गुणच जातो, हे मला उशिरा समजले. तोवर मी ते जोर लावून आवळत होतो. शेवटी सहापैकी चार डिस्क ५,४०० फेऱ्यांच्या घेतल्या, कारण साठवणीसाठी वेग लागत नाही. आता माइक चालू असताना कॅबिनेट ऐकू येत नाही असे मी म्हणू शकतो, पण या कामाला तीन महिने लागले.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण ट्रेची निघाली. पिंजऱ्यात सहा जागा होत्या, पण खोक्यात ट्रे चारच आले होते. त्यातल्या एकाचे आटे आम्ही घालवलेले. उरलेले ट्रे स्वतंत्र विकत घ्यावे लागतात हे मला आधी माहीत होते, आणि माहितीपत्रकात ते छापलेलेही होते, त्यामुळे सुरुवातीला मी निश्चिंत होतो. दुकानदाराने मागणी नोंदवली. दोन महिने गेले. मग कळले की भारतात ते ट्रे येतच नाहीत, बाहेरून मागवले तर वाहतूक आणि शुल्क धरून एका ट्रेला चौदाशे रुपये पडतील. वर्षभराने पुन्हा चौकशी केली तर त्या कॅबिनेटचे उत्पादनच थांबले होते, आणि पुढच्या आवृत्तीचे ट्रे आमच्या पिंजऱ्यात बसत नव्हते, कारण खटक्याची जागा काही मिलिमीटरने हलवलेली होती.

इथे मला या प्रकारच्या कॅबिनेटचा मूळ प्रश्न दिसला. मदरबोर्डची भोके कुठे असावीत हे इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स या मानकात ठरवून दिले: बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिमीचा आणि भोकांच्या जागा निश्चित. त्यामुळे तेव्हाच्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसतो, कोणत्याही कंपनीचा. एसएमपीएसची १५० मिमी रुंदी आणि ८६ मिमी उंचीही अशीच ठरलेली. हार्ड डिस्कची १०१.६ मिमी रुंदी आणि तिच्या बाजूची भोकेही ठरलेली. संगणक हा खऱ्या अर्थाने सुट्या भागांचा आहे तो या मानकांमुळे. पण कॅबिनेटचे जे भाग सुटे म्हणून विकले जातात, म्हणजे ट्रे, रूळ, झाकणे, पिंजरे, त्यांना कोणतेच मानक नाही. ते एका कंपनीच्या एका मॉडेलपुरते सुटे असतात. कंपनीने मॉडेल बदलले की ते भाग बदलण्याजोगे राहत नाहीत, फक्त मोडण्याजोगे राहतात. आणि कंपनीच बंद पडू शकते. सुट्या भागांची कॅबिनेट मागणीनुसार बनवण्यात केसलॅब्ज या अमेरिकी कंपनीचे नाव सर्वांत आदराने घेतले जाई. आयात शुल्कांमुळे वाढलेला खर्च आणि एका मोठ्या ग्राहकाने थकवलेले पैसे ही कारणे देऊन ती ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, आणि तिच्या महागड्या कॅबिनेटचे मालक पुढच्या भागांसाठी अडकून पडले.

हाच धडा मला तारांच्या बाबतीत वेळेवर मिळाला, तो दुकानदारांमुळे. माझा एसएमपीएस तारा सुट्या करता येणारा आहे. नव्या पिंजऱ्यापर्यंत तार पुरत नव्हती म्हणून मी जुन्या, दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची लांब तार लावायला निघालो होतो. जोड अगदी नीट बसत होता. त्यांनी माझा हात अडवला. डिस्कच्या टोकाकडचा जोड प्रमाणित असतो, पण एसएमपीएसच्या टोकाकडे कोणत्या पिनवर १२ व्होल्ट आणि कोणत्या पिनवर ५ व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. ती तार लावून बटण दाबले असते तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन सहाही डिस्क एका क्षणात जळण्याची शक्यता होती. जे बसते ते जुळतेच असे नाही, हे मी त्या दिवशी फार जवळून पाहिले.

ट्रेसाठी मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेझरने पत्रा कापून देणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. चांगल्या स्थितीतला एक ट्रे त्यांना नमुना म्हणून दिला आणि मापे मी स्वतः व्हर्निअरने घेऊन कागदावर उतरवली. त्यांच्याकडे १.२ मिमीचा सीआरसी, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला पोलादी पत्रा होता. पहिले दोन ट्रे तयार होऊन आले आणि डिस्क त्यात बसेना. मी ट्रेची आतली रुंदी बाहेरची म्हणून लिहिली होती, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पत्र्याची जाडी मिळून २.४ मिमी कमी पडले. मिस्त्रींनी मला न रागावता वाकवण्याचे गणित समजावून सांगितले: पत्रा वाकतो तिथे बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, म्हणून सपाट पत्र्याची लांबी काढताना जाडीबरोबर वाकाची त्रिज्याही धरावी लागते. दुसऱ्या वेळी ट्रे नीट बसले. कंपनीच्या ट्रेपेक्षा ते जड आहेत आणि म्हणूनच कमी थरथरतात. एकाला सर्व मिळून २६० रुपये पडले.

त्यानंतर आणखी एक बारकावा समोर आला. ट्रेंना पावडर कोटिंग करून घेतले होते. पावडरचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे डिस्कचे धातूचे अंग कॅबिनेटशी आणि पर्यायाने अर्थिंगशी जोडले जाण्याचा मार्ग तुटतो. स्क्रूंच्या डोक्याखालचा आणि रुळाला टेकणाऱ्या कडेचा थर मी कानशीने खरवडून काढला आणि मीटर लावून तपासले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ५० हर्ट्‌झची गुणगुण शोधण्यात ज्याने रात्री घालवल्या आहेत त्याला ही तपासणी टाळावीशी वाटणार नाही.

कॅबिनेटबरोबर आलेल्या काही सोयी मी वापरून सोडून दिल्या. ग्राफिक कार्ड उभे लावण्याची चौकट भाच्याच्या आग्रहाने एकदा लावून पाहिली. काचेला लागून कार्ड बसल्यामुळे त्याच्या पंख्याला हवा मिळेना, आणि मधली लवचीक तार जुन्या पिढीची असल्याने मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये वेग एक पायरी खाली आणल्याशिवाय पडद्यावर चित्रच येईना. दोन दिवसांत ती काढली. काचेच्या झाकणाऐवजी आतून फोम लावलेले पत्र्याचे झाकण त्याच खोक्यात होते, ते लावले, आणि ही मात्र फार उपयोगाची सोय ठरली. वजनाच्या बाबतीत माझी अपेक्षा खोटी ठरली. रिकामे कॅबिनेटच साडेतेरा किलोंचे आहे. सुटे भाग पेलणारी चौकट जाड करावी लागते, त्यामुळे ते जुन्यापेक्षा फारसे हलके नाही.

दुसऱ्या कोणी मला असे कॅबिनेट घ्यावे का असे विचारले तर मी आधी त्यांची गरज बदलणारी आहे का ते विचारतो. एकदा जोडून पाच वर्षे न उघडणाऱ्याने या कॅबिनेटसाठी तिप्पट-चौपट पैसे देण्यात काही अर्थ नाही; त्याच्या वाट्याला सैल सांधे आणि न वापरलेल्या पट्ट्यांची पिशवी एवढेच येईल. ज्याच्या डिस्क वाढत जाणार आहेत, ज्याची खोली किंवा काम बदलणार आहे, त्याने घ्यावे, पण घेतानाच सगळे ट्रे आणि जादा रूळ विकत घेऊन ठेवावेत. मी ते केले नाही, त्याची किंमत मोजली.

गेल्या पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली आणि आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली. त्या रात्री अकरा वाजता मी संगणक बंद केला, आठ जोड सोडवले, दोन स्क्रू फिरवले आणि पिंजरा माडीवर नेऊन टेपच्या खोक्यांशेजारी ठेवला. पत्नीने जिन्यात बॅटरी धरली होती. दोन दिवसांनी पातळी उतरली आणि पिंजरा पुन्हा खाली आला. पहिल्याच प्रयत्नात सहाही डिस्क संगणकाला दिसल्या.

आता दोन डिस्क बदलून मोठ्या घ्यायच्या आहेत, आणि उरलेल्या ॲल्युमिनियम ट्रेंच्या जागीही पत्र्याचेच बसवायचे ठरवले आहे. माझ्या मापांचा आराखडा कुपवाडच्या मिस्त्रींनी आपल्या संगणकात जपून ठेवला आहे, त्यामुळे या वेळी फक्त फोन करावा लागला. ट्रे कापून आणि वाकवून तयार आहेत. पावडर कोटिंगला पाठवण्याआधी भोकांभोवती आणि रुळाला टेकणाऱ्या कडेवर पट्टी चिकटवायला मी त्यांना सांगितले आहे.